पिवळ्या दाराची वाट

लाकडी पूल ओलांडून दोघी पलीकडे आल्या आणि वहिनी मटकन खाली बसली. धाकटीला वाटलं, दमली असेल. उजाडता उजाडता घराबाहेर पडल्या होत्या, निम्मी दरी मागे पडली होती, आणि वहिनीचे गुडघे काही आता गोडीगुलाबीनं ऐकणारे राहिले नव्हते. पण वहिनी दमून बसलीच नव्हती. तिनं खांद्यावरच्या पिशवीतून टर्पेंटाईनची बाटली काढली, चिंधीवर थोडं ओतलं आणि वाटेकडेच्या खडकावरचा पिवळा बाण, करपलेलं पातेलं घासावं तसा घासायला लागली.

“ओला आहे अजून,” ती म्हणाली. “म्हणजे फार पुढे गेले नाहीत.”

धाकटी वाकून बघत होती. बाणाच्या शेपटीला किंचित बाक होता. रेघ ओढताना शेवटाला हात खाली झुकावा तसा. हा हात तिच्या ओळखीचा होता, तिच्या सख्ख्या भावाचा. या दरीतल्या खडकांवर, झाडांच्या बुंध्यांवर, फाटकांच्या खांबांवर जेवढे म्हणून पिवळे बाण आहेत ते सगळे दादानंच काढलेले. पायवाटांच्या खात्यात उभी हयात त्यानं हेच काम केलं. पावसानं, शेवाळानं, गुरांनी अंग घासल्यानं बाण पुसट झाला की डबा आणि ब्रश घेऊन जायचं आणि तो पुन्हा ठळक करायचा. गाव त्याला बाणवाले म्हणायचं. वहिनी दरीच्या तोंडाशी असलेल्या विश्रामगृहात कामाला होती. चादरी धुवायच्या आणि भटक्यांचे भिजलेले बूट शेगडीभोवती मांडून, आत रद्दी कोंबून, सकाळपर्यंत वाळवून द्यायचे. म्हणून ती बूटवाली. नवरा वाट दाखवतो, बायको बूट वाळवते, आता जेवायला तेवढं दरीनं घालावं, असं लोक गमतीनं म्हणत. दोघंही हसून घेत. मूलबाळ नव्हतं. विश्रामगृहामागच्या दोन खोल्या आणि रंगाचे डबे ठेवायची पत्र्याची शेड, एवढाच संसार, पण कुरकूर कधी ऐकू आली नाही.

आणि आता नवऱ्याचे बाण बायको पुसत होती.

तो बाण निघाला. पिवळट डाग राहिला त्यावर वहिनीनं ओढ्यातला चिखल फासला, तळव्यानं सारखा केला, हात गवताला पुसले आणि उठताना नणंदेपुढे हात केला. धाकटीनं तिला ओढून उभं केलं. वजन केवढं कमी झालं होतं. धाकटीची स्वतःची साठी उलटली, शाळेतून निवृत्त होऊन शहरात एकटी राहायला लागली, तरी या घरात ती धाकटीच होती. पण वहिनी कधी म्हातारी झाली ते मात्र तिला कळलंच नव्हतं. काल संध्याकाळी ती आली तीसुद्धा वहिनीच्या फोनमुळे. स्वतःहून फोन करणाऱ्यांतली नव्हे वहिनी. “वन्सं, जमलं तर या,” एवढंच बोलली होती, आणि ते ‘जमलं तर’ ऐकून धाकटीनं लगेच पिशवी भरली होती.

पुढच्या वळणावर दादाची टोपी दिसली. तो आपल्याच नादात, डबा हलवत, पूर्वीसारखाच ताठ चालला होता. डाव्या हाताला नदी. धुकं नुकतंच वर सरकलं होतं, पाण्यावर ऊन पडलं होतं आणि पलीकडचे डोंगर एकामागून एक फिके होत गेले होते. ते चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कॅलेंडरावर, बिस्किटाच्या डब्यावर, दवाखान्यात बसायच्या बाकासमोरच्या भिंतीवर. फार वर्षांपूर्वी एक चित्रकार इथं येऊन राहिला आणि त्यानं हीच नदी, हेच डोंगर आणि नदीच्या वाकणावरचं एक लहानसं घर रंगवलं. घराला पिवळं दार. त्या दारामुळे नजर तिथंच जाऊन थांबते, असं जाणकार म्हणतात.

ते घर दादाचं आणि धाकटीचं.

खरं दार मात्र पिवळं कधीच नव्हतं. साधं, रंग न लावलेलं, पावसानं करडं पडलेलं. चित्र गाजलं, ते बघून माणसं दरीत यायला लागली आणि करडं दार बघून हिरमुसायला लागली. वडील व्यवहारी. त्यांनी एक दिवस रंगाचा डबा आणला आणि दार पिवळंजर्द करून टाकलं. लोक खूश. धाकटी तेव्हा शाळेच्या पहिल्या वर्गात असेल. येईल त्या पाहुण्याला ती दारातच सांगायची, हे दार खरं करडं आहे, बाबांनी चित्र बघून रंगवलंय. वडील डोळे वटारायचे. आई म्हणायची, हिच्या तोंडाला देव कडी बसवायची विसरला. मोठी झाली, मास्तरीण झाली, तरी ती कडी काही बसली नाही. वर्गात, वरिष्ठांपुढे, लग्नकार्यात, जे डोळ्यांनी पाहिलं तेच ती बोलत आली. त्यापायी तिची बढती हुकली, माणसं तुटली. पण खोटं बोलून देवापुढे हात जोडायला तिला जमणारं नव्हतं. दरीत अजून बोलतात, बाणवाल्यांची बहीण म्हणाली ना, मग लिहून घ्या.

दादा नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हा नदीनं वाकण बदललं. अंथरुणं काखेत मारून सगळी चढावर गेली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर घराच्या जागी नदीच वाहत होती. आईवडील मग शहरात जाऊन राहिले. दादा मात्र इथंच राहिला, आणि त्यानंतर उभा जन्म त्याला एकच प्रश्न ऐकावा लागला. हातात चित्राचा कागद घेतलेली माणसं त्याला गाठायची आणि विचारायची, ते घर कुठंय हो, पिवळ्या दाराचं? दादा ब्रश डब्यावर आडवा ठेवायचा, नदीकडे हात करायचा आणि म्हणायचा, पाण्यात गेलं. मग पुन्हा ब्रश उचलायचा.

“वन्सं, विसरण्याचा आजार म्हणजे सगळंच विसरतात असं नाही,” चालता चालता वहिनी सांगत होती. “आधी चष्मा विसरले. मग निवृत्त झालो ते विसरले. रोज सकाळी कामाला निघायचे, मी म्हणायची निघू देत, पाय मोकळे होतात. एक दिवस सकाळीच मला म्हणाले, लोक घर विचारतात, तर तिकडे बाण का नाहीत? हे माझ्याकडून राहिलंच कसं? त्या दिवसापासून हे चाललंय. लोकांनी विचारलेलं विसरले नाहीत. आपण दिलेलं उत्तर तेवढं विसरले.”

धाकटीनं शहाण्या माणसानं विचारावं ते सगळं विचारून पाहिलं. रंग लपवून का ठेवत नाहीस? वहिनीनं लपवला होता. दादा दुकानात गेला आणि दुकानदारीणबाईनं, बाणवाले आलेत म्हणून, खात्याच्या नावावर डबा दिला. तिला जाऊन समजावलं तर दादानं दुसरं दुकान गाठलं. त्याच्या हातात पिवळा डबा बघून दरीत कुणाला वावगं वाटतच नाही; तो नसता तरच वाटलं असतं. मग दाराला बाहेरून कडी घालायची. तीही घातली होती. तर दादा खुर्ची ओढून दारापाशी बसला, जेवला नाही, बोलला नाही, आणि संध्याकाळी वहिनीला म्हणाला, बाई, मी काय चुकलो ते सांगा म्हणजे मी नीट करीन. बायकोला बाई म्हणाला. वहिनीनं कडी काढली ती काढलीच. तेव्हापासून ती सकाळी त्याच्यामागून निघते. एका वळणाचं अंतर ठेवून चालते, म्हणजे त्याला दिसायला नको. तो काढतो, ती पुसते.

“जन्मभर दुसऱ्यांचे बूट वाळवले,” ती हसून म्हणाली, “दरी कधी आतून बघितली नव्हती. आता माझेच बूट वाळत नाहीत. बघण्यासारखी आहे हो पण. उगीच नाही लोक येत.”

धाकटीला हसू आलं आणि लगेच मावळलं, कारण पुढे काय आहे ते तिला रात्री जेवताना कळलं होतं. गेल्या आठवड्यात वहिनीला ताप होता. त्या दिवशी दादा एकटाच गेला आणि त्याचे बाण पुसायला मागे कुणी नव्हतं. एक नवराबायको दरी बघायला आलेले. बाण दिसले, त्यांनी मुख्य वाट सोडली आणि बाणांमागून गेले. वाकणावर काठ आतून पोखरलेला. बाईच्या पायाखालची माती बसली आणि ती खाली गेली. पाठीवरची पिशवी मुळाला अडकली म्हणून नशीब. नवरा काठावर आडवा पडून पट्टा धरून ओरडत राहिला, लाकडं तोडणाऱ्यांनी ऐकलं आणि तिला वर काढलं. पाय मोडला, जीव वाचला. आता खात्याचा नवा निरीक्षक विचारत फिरतोय, आमच्या रंगाचे खोटे बाण दरीत काढतंय कोण? परवा घरी येऊन गेला. बोलायला माणूस चांगला. चहा घेतला, दादाशी गप्पा मारल्या, शेडमधे डोकावला आणि जाताना वहिनीला म्हणाला, आजी, हे जर यांचं काम असेल तर मला डोळे मिटता येणार नाहीत. मग त्यांना शहरातल्या बंद वॉर्डात ठेवावं लागेल. तुम्हांला रविवारी भेटता येईल.

उद्या तो पुन्हा येणार होता.

दादा मुख्य वाट सोडून डावीकडे उतरला. दोघी तिथं पोचल्या तेव्हा झाडाच्या बुंध्यावर बाण होता, त्याच्यापुढे एका सपाट दगडावर अजून एक. वहिनी बुंध्याशी लागली, धाकटीनं दगड घेतला. टर्पेंटाईनचा वास डोक्यात गेला. तिच्या ओठांवर देवाचं नाव सकाळपासून होतं, पण त्याच्याकडे मागायचं काय तेच सुचत नव्हतं. दादाला घरी राहू दे म्हणावं, तर उद्या दुसऱ्या कुणाचा पाय मोडेल, कदाचित पायावर भागणारही नाही. दादाला नेऊ दे म्हणावं, तर जीभ रेटत नव्हती. ती नुसतीच नाम घेत राहिली आणि दगड घासत राहिली. आपल्याच भावाची रेघ आपल्याच हातानं जात होती.

वाकणावर गवत उंच होतं. दादा काठापासून बराच आत, एका ओंडक्यावर बसला होता. डबा शेजारी, ब्रश डब्यावर आडवा. धाकटीला बघून त्याचा चेहरा फुलला.

“धाकटे, तू कधी आलीस? बरं झालं. बघ, आता कुणी चुकायचं नाही. थेट दारापर्यंत बाण केलेत.”

त्यानं नदीकडे हात केला. तिथं पाणी होतं, स्वच्छ, उन्हात चमकणारं. चित्रातल्याइतकंच सुंदर. आणि धाकटीच्या तोंडाला तर कडी नव्हतीच. ती त्याच्याजवळ बसली, त्याचा रंगानं पिवळा झालेला हात तिनं हातात घेतला आणि एखाद्या मुलाला वर्गात समजावावं तसं हळू, नीट, एकेक शब्द सांगितला. दादा, घर नाही. नदीनं नेलं. तू तेव्हा तरणाताठा होतास, मला पाठीवर घेऊन चढ चढलास. आईबाबाही आता नाहीत.

वहिनी मागून म्हणाली, “वन्सं, नको.” पण तोवर सांगून झालं होतं.

दादानं ऐकलं. बहिणीकडे बघितलं. ही खोटं बोलत नाही हे तो विसरला नव्हता. त्याचा चेहरा असा पडला, जणू पाणी आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत, दारात शिरलं होतं. “सगळं?” त्यानं विचारलं. “आईसुद्धा?” मग तो रडला. म्हातारा माणूस रडतो तसा आवाज न करता नाही. पोरासारखा, नाक ओढत, तोंड उघडं टाकून. वहिनी पुढे झाली, तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि नदीकडे बघत थोपटत राहिली. धाकटीला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं तो शांत झाला. वहिनीनं त्याला पाणी पाजलं, पदरानं तोंड पुसलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, डबा दिसला, डोळ्यांत पुन्हा ओळख आली.

“धाकटे, तू कधी आलीस?” तो आनंदानं म्हणाला. “बघ, थेट दारापर्यंत बाण केलेत.”

धाकटीनं त्याच्या बोटांवरचा ओला रंग चिंधीनं पुसायला घेतला.

“मीही सांगायची आधी,” वहिनी म्हणाली. “दर वेळी त्यांना ते नवंच असतं. दर वेळी त्यांची आई आजच जाते. मग सोडलं सांगायचं.”

परत निघायच्या आधी दादा गवतात आडवा झाला आणि टोपी तोंडावर ओढून झोपला. दोघी ओंडक्यावर बसल्या. वहिनीनं भाकरीचे तुकडे केले, अर्धे नणंदेच्या हातावर ठेवले. मग बूट काढून पाय उन्हात धरले. पायांना फोड आले होते, काही फुटून वाळले होते. धाकटीनं म्हटलं, मी येऊन राहते इथं, दोघी मिळून करू. वहिनीनं मान हलवली. तुमचा रक्तदाब, माझे गुडघे, दोन म्हाताऱ्या मिळून एक धड बाई होत नाही, म्हणाली. आणि हिवाळ्यात वाटेवर बर्फ असतं. ते थांबणार नाहीत आणि मला जमणार नाही. हे ती रडून सांगत नव्हती. उद्या पाणी येणार नाही म्हणून आज भरून ठेवावं, तसं सांगत होती.

“मग वहिनी, पुढे काय?”

“पुढचं मला दिसत नाही. मला उद्याचं दिसतंय.”

ती उठली. अनवाणीच दादाच्या डब्यापाशी गेली, ब्रश उचलला, डब्याच्या काठावर निथळवला. जवळच्या खडकासमोर उभी राहून तिनं एकदा धाकटीकडे वळून बघितलं, मुलगी पहिल्यांदा फळ्यापाशी जाताना बघते तसं. आणि बाण काढला. रेघ सरळ आली नाही, एक पंख मोठा, एक बारका, रंगाचे ओघळ खाली आले. पण बाण होता, पिवळा होता, आणि पाण्याकडे नव्हता. आल्या वाटेकडे, घराकडे होता.

तिनं ब्रश होता तसा डब्यावर आडवा ठेवला आणि रंगाचा हात पदराला लागू नये म्हणून लांब धरून नणंदेसमोर येऊन उभी राहिली.

“साहेबांना विश्रामगृहातल्या लोकांनी सांगितलंय तुमच्याबद्दल. म्हणाले, यांची बहीण येणार आहे ना, तिलाच विचारतो, ती काय सांगेल ते मी मानतो.” झोपलेल्या दादाकडे तिनं एकदा पाहिलं. “तुम्ही खोटं बोलायचं नाही, वन्सं. मी तुम्हांला तसलं काही मागणार नाही. मी बाण काढला, तुम्ही डोळ्यांनी बघितला. उद्या त्यांनी विचारलं, तर तेवढंच सांगा.”